इंद्रायणीचा वाली कोण?

आळंदीच्या घाटावर तरंगणारे पांढऱ्या फेसाचे थर ही आता बातमी राहिलेली नाही. कार्तिकी यात्रेच्या आणि ज्येष्ठातील पालखी प्रस्थानाच्या सुमारास छायाचित्रे छापून येतात, दोन दिवस संताप व्यक्त होतो, तिसऱ्या दिवशी चौकशीचे आदेश निघतात आणि चौथ्या दिवशी सारे शांत होते. वारकरी मात्र त्याच पाण्यात स्नान करतो, तेच पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो. ज्या इंद्रायणीने तुकोबांची गाथा तारली असे महाराष्ट्र पिढ्यान् पिढ्या मानत आला, तिला तारणारा आज कोणी उरला नाही काय?

लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी ही नदी तुळापूर येथे, धर्मवीर संभाजी महाराजांच्या बलिदानाने पावन झालेल्या भूमीत, भीमेला मिळते. या छोट्याशा प्रवासात तिच्या खोऱ्यात किती सत्ता नांदतात? लोणावळा, तळेगाव दाभाडे आणि आळंदी या नगरपरिषदा, वडगाव आणि देहू या नगरपंचायती, देहूरोडचे कॅन्टोन्मेंट, पिंपरी-चिंचवडची महापालिका, चाकणची औद्योगिक वसाहत आणि मावळ-खेड-हवेलीतील अनेक ग्रामपंचायती. कागदावर प्रत्येकाची हद्द आखलेली आहे. पाण्याला ती हद्द ठाऊक नाही. वरच्या गावाने सोडलेले सांडपाणी खालच्या गावाचा प्रश्न होतो आणि खालच्या गावाचे सांडपाणी त्याच्याही खालच्या. अखेर भीमेच्या प्रवाहातून हे पाणी उजनीत आणि तेथून पुढे पंढरपूरच्या चंद्रभागेत जाते. वारकरी पायी पंढरीला पोहोचतो. त्याच्या मागोमाग आपल्या नगरांची घाणही पोहोचते.

बोट दुसऱ्याकडे

नळाने घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, हे अभियांत्रिकीतील रूढ गणित आहे. म्हणजे ज्या दिवशी एखादी नगरपालिका नवी पाणीयोजना मंजूर करून घेते, त्याच दिवशी तेवढ्या सांडपाण्याची जबाबदारीही तिच्या शिरावर येते. परंतु पाणीयोजनेच्या उद्घाटनाला हारतुरे असतात, कोनशिला असते. मैलाशुद्धीकरण केंद्राला मतदार विचारत नाही. म्हणून पहिले काम त्वरित होते आणि दुसरे निविदेच्या धारिकेत पडून राहते. न शुद्ध केलेले मैलापाणी, कपडे धुण्याच्या पावडरी आणि कारखान्यांतील रसायने नदीत मिसळतात व फेस तयार होतो. यात गूढ असे काही नाही.

गूढ आहे ते उत्तरदायित्वाचे. आळंदी पिंपरी-चिंचवडकडे बोट दाखवते, पिंपरी-चिंचवड वरच्या गावांकडे आणि औद्योगिक वसाहतीकडे, कारखानदार महापालिकेच्या नाल्यांकडे. प्रदूषण नियंत्रण मंडळ सर्वांना नोटिसा पाठवते आणि कर्तव्यपूर्तीचे समाधान मानते. विशेष म्हणजे पिंपरी-चिंचवड स्वतः आंद्रा धरणातून इंद्रायणीत सोडलेले पाणी निघोजे येथे उचलून पिण्यासाठी वापरते. तिच्या नळात वरच्या गावांचे पाप येते आणि तिचे स्वतःचे पाप माउलींच्या घाटावर जाते. एकाच नदीत एकमेकांना उष्टे पाजण्याचा हा व्यवहार राजरोस चालू आहे.

2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजार होती आणि आळंदीची अवघी 28 हजारांच्या आसपास. यात्रेच्या दिवसांत याच छोट्या गावात लक्षावधी भाविक उतरतात. या नगरपरिषदेने आपल्या तिजोरीतून इंद्रायणी शुद्ध करावी, अशी अपेक्षा ठेवणे हा शुद्ध ढोंगीपणा होय.

सण एका दिवसाचा, सांडपाणी वर्षभराचे

भाद्रपद आला की काही मंडळींची पर्यावरणनिष्ठा उफाळून येते. गणेशविसर्जनाने नद्या कशा नासतात यावर अग्रलेख लिहिले जातात, व्याख्याने झडतात. शाडूच्या मूर्ती आणि विसर्जनाचे हौद हिंदू समाजाने मोठ्या मनाने स्वीकारले; त्याचे श्रेय त्याला कोणी दिले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातील 311 प्रदूषित नदीपट्ट्यांची नोंद झाली. त्यांतील 55 पट्टे एकट्या महाराष्ट्रात होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. हे पट्टे अनंत चतुर्दशीच्या एका दिवसाने प्रदूषित झाले काय? वर्षाचे 365 दिवस वाहणाऱ्या नाल्यांविषयी ही मंडळी मौन का पाळतात?

मात्र एवढे बोलून आपली सुटका होत नाही. नदीची आरती करणारे हात आपले आहेत आणि नदीकाठच्या पालिकांत निवडून जाणारे अनेक प्रतिनिधीही आपल्याच विचारांचे आहेत. नदीला माता म्हणायचे आणि तिच्या पात्रात मैला सोडणाऱ्या ठरावावर हात वर करायचा, ही विसंगती आपण किती काळ झाकणार?

घटनेतील उपेक्षित कलम

उपाय नवा शोधावयाचा नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या 243-झेडई या कलमानुसार दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य पालिका व पंचायतींच्या प्रतिनिधींनी निवडून द्यावेत आणि पाण्याच्या वाटपासह सामायिक हिताच्या बाबींचा तिने एकत्रित विचार करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. पुण्यात या समितीची निवडणूक नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. चारच महिन्यांत, मार्च 2022 मध्ये, पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांचे राज्य राहिले. निवडून देणाऱ्या सभागृहांनाच कुलूप लागले, तेथे समितीने कोणाच्या बळावर बोलावे? 2015 मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आराखडे करते, पण ते गावांना उत्तरदायी नाही.

एकत्र येणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास पाहावा. खानदेशात पांझरा आणि मोसम या नद्यांच्या काठी फड पद्धतीने शतकानुशतके पाण्याचे वाटप झाले. शेतकऱ्यांनी बंधारे राखले, पाटकरी नेमले, टंचाईचा भार वाटून घेतला. आजचे उदाहरण हवे असेल तर ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या महापालिका व ठाणे जिल्हा परिषद यांची ‘स्टेम’ ही संयुक्त पाणीपुरवठा कंपनी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवाही 2007 मध्ये एक झाल्याच. बस एकत्र चालवता येते, तर मैलापाणी एकत्र का शुद्ध करता येऊ नये? परदेशाचाच दाखला लागणाऱ्यांसाठी जर्मनीतील एम्शर नदी आहे. 1899 मध्ये तेथील नगरे, खाणी आणि कारखाने यांनी एक संघ स्थापन केला. जो जितका भार टाकेल त्याने तितकी वर्गणी द्यावी, हे त्याचे तत्त्व. औद्योगिक जर्मनीचे उघडे गटार बनलेली ती नदी 2021 च्या अखेरीस सांडपाण्यापासून मुक्त झाली.

‘आणखी एक प्राधिकरण म्हणजे आणखी एक खुर्ची’ हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच अटी आधी ठरल्या पाहिजेत. इंद्रायणी खोऱ्यासाठी एकच संयुक्त मंडळ असावे आणि त्यात आळंदी-देहूसह प्रत्येक लहान गावाला स्थान असावे. वर्गणी सांडपाण्याच्या प्रमाणात ठरावी. कारखान्यांनाही त्यातून सूट नसावी. प्रत्येक हद्दीवर पाण्याची तपासणी व्हावी आणि तिचे निकाल घाटावरील फलकावर व ग्रामसभेत मांडले जावेत. सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता सिद्ध केल्यावाचून कोणालाही वाढीव पाणी मिळू नये.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी 1965 मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. समाज हा करारावर चालणारा व्यापारी संघ नसून एक जिवंत देह आहे, हा त्याचा गाभा. देहाचा एक अवयव दुसऱ्याला विष पाजू लागला तर त्याला विकास म्हणत नाहीत, व्याधी म्हणतात. दीनदयाळजींच्या जयंतीला प्रतिमापूजन करणाऱ्यांनी हा विचार पालिकेच्या सभागृहात नेला पाहिजे.

हे काम सरकारवर सोडून भागणार नाही. नदीकाठच्या प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने आपल्या पालिकेकडून रोज किती सांडपाणी निघते आणि किती शुद्ध होते, याचा लेखी हिशेब मागावा. दिंड्यांच्या प्रमुखांनी, कीर्तनकारांनी हा प्रश्न फडावर मांडावा. मत मागायला येणाऱ्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, एवढेच विचारावे: खालच्या गावाला तुम्ही कसले पाणी देणार? ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याने माउलींच्या नावाचा जयघोष करू नये.