पावणेदहाची गर्दी

नांदेडहून परभणीला, किंवा परभणीहून नांदेडला, रोज नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाला हल्ली सल्ल्यांची वानवा नाही. पंधरा मिनिटे आधी निघावे, वसमतची गर्दी वाढण्यापूर्वी गाव ओलांडावे, चौघांनी मिळून एक मोटार करावी, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रस्त्याचा रंग पाहून मग किल्ली फिरवावी. सल्ले खोटे नाहीत. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे. गर्दी ही पावसासारखी आभाळातून येते आणि छत्री ज्याची त्याने घ्यायची असते, हे ते गृहीत. समाजवाद्यांनी भांडायचे ते या गृहीताशी.

कारण ही गर्दी आभाळातून आलेली नाही, ती शासकीय आदेशातून आलेली आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि कचेऱ्यांची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरवली. शिपायांसाठी साडेनऊ ते साडेसहा. (ज्याचा पगार सर्वांत कमी, त्याने सर्वांत आधी यावे आणि सर्वांत शेवटी जावे, ही या राज्याची जुनी रीत याही कागदावर पाळली गेली.) हजारो माणसांनी एकाच घटकेला उंबरठा ओलांडला पाहिजे असे जे शासन फर्मावते, त्याने ती माणसे तेथे कशी पोहोचतील हेही पाहावयास नको काय? येथेच घोडे पेंड खाते. हजेरीपत्रक सरकारचे, आणि प्रवास मात्र कर्मचाऱ्याची खासगी बाब.

खासगी बाब म्हणजे काय, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. परभणी ते नांदेड हे अंतर झिरो फाटा आणि वसमतवरून, कल्याण–निर्मल या ६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने, ७० किलोमीटरांच्या पुढे भरते. जाऊन येऊन दीडशे धरावे. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या मोटारीला रोज १० लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभर रुपये भाव धरला तरी रोजचे हजार, आणि बावीस दिवसांचे २२ हजार. कित्येक कंत्राटी संगणकचालकांच्या आणि परिचारिकांच्या हाती महिन्याला एवढी रक्कम पडतही नाही. परभणीकडे तर पेट्रोलच्या बाबतीत निराळाच मान चालत आलेला आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीहून तीनशेहून अधिक किलोमीटर टँकरने इंधन आणायचे आणि त्या वाहतुकीचा खर्च भावात मिळवायचा, या न्यायाने परभणीचा भाव वर्षानुवर्षे राज्यात सर्वांत चढ्या भावांत मोडत आला. २०१८ च्या सप्टेंबरात पेट्रोलने लिटरला नव्वदी गाठली तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांना परभणीचे नाव आठवले ते याच कारणाने. इंधन जेथे इतके महाग, त्याच जिल्ह्यातील नोकरदाराला मोटारीचा मार्ग दाखवला जातो!

आणि हे सारे कशाच्या शेजारी घडते आहे? लोहमार्गाच्या. रेल्वेने परभणी–नांदेड अंतर साठ किलोमीटरांच्या आत आहे. पिंगळी, मिरखेल, पूर्णा, चुडावा, लिंबगाव अशी स्थानके वाटेत आहेत. या मार्गासाठी मराठवाड्याने किंमत मोजलेली आहे. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटले तेव्हा वसमत हे परभणी जिल्ह्याचेच गाव होते. तेथे झालेल्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले. रुंदमापी रेल्वे ही त्या आंदोलनाच्या प्रमुख मागण्यांपैकी एक होती. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुढे वर्षानुवर्षे लावून धरली, आणि रूळ बदलायला १९९० नंतरचे दशक उजाडले. परभणी–मुदखेड या सुमारे ८१ किलोमीटरांच्या टापूत दुसरा मार्ग २०२० च्या सुमारास पुरा झाला. विजेच्या ताराही आल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई–जालना वंदे भारत गाडी नांदेडपर्यंत वाढवण्यात आली, ती त्याच तारांच्या जोरावर.

तेव्हा रूळ आहेत, दुहेरी आहेत, वीज आहे. उणीव आहे ती फक्त सकाळच्या त्या दोन तासांकडे पाहण्याच्या दृष्टीची. या मार्गावरील गाड्यांच्या वेळा मुंबईची सकाळ, सिकंदराबादची सकाळ, अमृतसरचा मुक्काम यांच्या हिशेबाने बांधलेल्या आहेत. पावणेदहाला परभणीच्या कचेरीत किंवा दहाला नांदेडच्या महाविद्यालयात पोहोचायचे असलेला माणूस त्या वेळापत्रकात कोठेच धरलेला नाही. एखादी लांब पल्ल्याची गाडी त्याला सोयीची पडलीच, तर तो योगायोग. ती गाडी मनमाडला अडकली की त्याच्या नावापुढे लाल शेरा पडतो.

मार्गावर गाड्यांची दाटी आहे, नवी गाडी घुसवायला जागा नाही, हे रेल्वेचे ठरलेले उत्तर. परभणीच्या पश्चिमेला ते खरे होते. म्हणून तर परभणी–छत्रपती संभाजीनगर या १७७ किलोमीटरांच्या दुहेरीकरणाला २०२५ च्या जुलैअखेर केंद्राने मंजुरी दिली. पण कचेरीची गाडी परभणीच्या पश्चिमेला जाणारच नाही. तिने सकाळी नांदेडहून निघून परभणीला यावे, तीच परत फिरावी, आणि संध्याकाळी हाच फेरा पुन्हा करावा. मेमू गाडीला दोन्ही टोकांना चालकाची खोली असते, इंजिन काढून फिरवण्याचीही कटकट नाही. दुहेरी मार्गावर एवढे जमत नसेल, तर दुहेरी मार्ग कोणासाठी केला?

करोनाच्या काळात तर सामान्य प्रवाशाची उघड लूट झाली. २०२० मध्ये बंद केलेल्या पॅसेंजर गाड्या पुढे ‘विशेष’ म्हणून सोडल्या गेल्या, आणि १० रुपयांचे किमान भाडे ३० झाले. गाडी तीच, डबे तेच. ते भाडे पूर्ववत व्हायला २०२४ चा फेब्रुवारी यावा लागला. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली. रेल्वे कोणाची, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

एस.टी.ची कहाणी याहून वेगळी नाही. निजामाच्या राज्यात १९३२ साली बससेवा सुरू झाली ती रेल्वेच्याच खात्यामार्फत. एका सरंजामी राजवटीलाही रूळ आणि रस्ता यांचा मेळ घालावा असे वाटले! लोकशाही राज्यात मात्र बसचे वेळापत्रक रेल्वेला ओळखत नाही. नांदेड स्थानकावर उतरलेल्या विद्यार्थ्याला विष्णुपुरीच्या विद्यापीठापर्यंत कसे न्यावे, हा प्रश्न रिक्षावाल्यावर सोडलेला आहे. २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले, ही चांगलीच गोष्ट. पण करोनापूर्वी १८ हजारांवर असलेला एस.टी.चा ताफा पुढच्या वर्षांत १६ हजारांच्या खाली गेला. अर्धे तिकीट हाती आहे आणि बस नाही, अशी अवस्था.

पैसा नाही असे कोणी म्हणू नये. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी आणि आखणीसाठी २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० हजार ७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला संमती दिली. जालना–नांदेड द्रुतगती मार्गही परभणी जिल्ह्याच्याच जमिनीतून आखलेला. शेतकऱ्याची काळी जमीन जाईल, तिच्यावरून मोटारी जातील, आणि मिरखेलचा मजूर पूर्वीसारखाच फाट्यावर उभा राहील. शिवाय रस्ता रुंद केला की गर्दी सरते, हाही भ्रमच. अमेरिकेतील अँथनी डाऊन्स यांनी १९६२ सालीच दाखवले होते की शहरी द्रुतमार्गांवरील ऐन वेळेची गर्दी वाढवलेल्या रस्त्याची सारी जागा व्यापून पुन्हा उभी राहते.

एक कटू गोष्ट आपल्या बाजूच्यांनाही ऐकवली पाहिजे. ‘अप-डाऊन’ करणाऱ्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला कामचुकार ठरवून मुख्यालयी राहण्याची सक्ती करणारे पुढारी ढोंगी आहेत, यात शंका नाही. नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी नोकरीला, मुलांची शाळा तिसरीकडे, आणि मुख्यालयाच्या गावी भाड्याने घर नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. परंतु कर्मचारी संघटनांनी तरी काय केले? घरभाडे भत्त्यासाठी मोर्चे निघाले, ते निघायलाच हवे होते. सकाळच्या गाडीसाठी किती निघाले? पगारदार मोटारीत बसला आणि त्याच क्षणी रोजंदारीच्या बाईशी, कॉलेजच्या पोराशी आणि नांदेडच्या रुग्णालयात तपासणीला निघालेल्या म्हाताऱ्याशी असलेले त्याचे नाते तुटले. गाडीची मागणी क्षीण झाली ती जोरकस आवाजाची माणसे फलाटावरून निघून गेली म्हणून.

म्हणून परभणी, पूर्णा आणि नांदेड येथील कार्यकर्त्यांनी निवेदनांचे कागदी घोडे नाचवण्यापूर्वी एक आठवडा मोजणीला द्यावा. सकाळी साडेसात ते दहा या वेळात पाचही मधल्या स्थानकांवर, झिरो फाट्यावर आणि वसमतच्या बसस्थानकावर दोघादोघांनी उभे राहावे. कोण कोठून कोठे जातो, किती पैसे देतो, कितीला पोहोचतो आणि गाडी असती तर ती केव्हा हवी होती, हे वहीत लिहावे. मोटारींतील माणसांनाही थांबवून विचारावे. त्यांतले पुष्कळजण आनंदाने उत्तर देतील. मग ती वही घेऊन कर्मचारी, शेतमजूर आणि विद्यार्थी यांनी एकत्रच नांदेडच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या दारात जावे, आणि परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांना विचारावे की पावणेदहाची वेळ ज्यांनी घातली, त्यांनी नऊ वाजून वीस मिनिटांनी परभणीला पोहोचणारी गाडी आजवर रेल्वेकडे एकदा तरी मागितली आहे काय.