तळे खुले आहे, काठापर्यंत जायचे आहे



मुलाला किंवा मुलीला संगणकाच्या शिक्षणाला घातले की आपल्या घरांत पहिला प्रश्न उभा राहतो तो लॅपटॉपचा. बीसीएचा प्रवेश असो, पॉलिटेक्निकची पदविका असो की एखादा खासगी क्लास असो. कोणीतरी सांगतेच, की प्रोग्रामिंग शिकायचे तर पन्नास-साठ हजारांच्या खालचा लॅपटॉप उपयोगाचा नाही. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात पाळीने राबणाऱ्या बापाला हा आकडा म्हणजे कित्येक महिन्यांची कमाई. मंठा, परतूर, घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घराला तर तो ऐकूनच घाम फुटतो. मग बचत गटाचे कर्ज निघते, फायनान्सचा हप्ता बांधला जातो. आणि मुलगी असेल तर "राहू दे बाई, तू बी.ए. कर" असे म्हणून विषय मिटवला जातो. मुलासाठी कर्ज निघते आणि मुलीसाठी विषय मिटतो, हेही या निमित्ताने बोललेच पाहिजे.

आमचे म्हणणे सरळ आहे. सॉफ्टवेअर तयार करायला शिकण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी हत्यारे विनामूल्य आणि कायदेशीरपणे मिळतात. सुरुवातीच्या शिक्षणासाठी जुना, वापरलेला संगणकही पुरतो. ही गोष्ट नवा लॅपटॉप विकणारा आपणहून सांगणार नाही. ती आपणच एकमेकांना सांगितली पाहिजे.

यंत्राचा कारभारी

संगणक हे नुसते यंत्र. त्याला कामाला लावणारा कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. पडद्यावर काय दिसावे, फाईल कोठे ठेवावी, कोणत्या कामाला किती जागा द्यावी, प्रिंटरला हुकूम केव्हा सोडावा, हे सगळे हा कारभारी पाहतो. आपल्याकडे बहुतेकांना एकच कारभारी ठाऊक आहे, तो म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज. दुकानातला संगणक बहुधा तोच घेऊन येतो. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून आपल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांचा माऊसवर हात बसला तोही विंडोजवरच. ते शिक्षण कामाचे होते यात शंका नाही. पण दुसऱ्याने तयार केलेले सॉफ्टवेअर वापरणे वेगळे आणि आपण तयार करणे वेगळे.

दुसरा कारभारी म्हणजे लिनक्स. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू नावाचा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याची, त्याची आतली रचना वाचून बदलण्याची, दुसऱ्याला देण्याची आणि सुधारून पुन्हा वाटण्याची मोकळीक प्रत्येकाला असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. या दोहोंच्या मिलाफातून जी प्रणाली उभी राहिली, तिच्यात जगभरच्या हजारो लोकांनी भर घातली आहे. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट ही तिचीच निरनिराळी रूपे. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाचे एक रूप तयार केले आहे.

कोणी म्हणेल, फुकटची वस्तू ती, तिचा काय भरवसा? तर आपल्या खिशातला अँड्रॉइड मोबाईल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. जवळचे उदाहरण हवे असेल तर न्यायालयाचे घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-कोर्ट्स प्रकल्पात देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि उबुंटू लिनक्स स्वीकारले. खटल्यांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर पुण्याच्या एनआयसीने घडवले. जालन्याच्या कोर्टातल्या आपल्या केसची पुढची तारीख आपण मोबाईलवर पाहतो, ती याच नोंदींतून येते. न्यायदानाच्या कामाला जी वस्तू चालते, ती आपल्या पोरीला 'सी' भाषा शिकायला चालणार नाही काय?

ठराव आणि ओंजळ

या ठिकाणी आम्हाला महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले होते, पण आपला माणूस काठापर्यंत गेला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले, ओंजळ भरली, तेव्हा तो हक्क खरा झाला.

लिनक्स १९९१ पासून खुले आहे. तेथे कोणी जात विचारत नाही, पैसा विचारत नाही. महाडला काठावर जाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. या काठावर तर लाठीही नाही. अडवते ते अज्ञान, इंग्रजीची भीती आणि 'आपल्याला जमायचे नाही' हा जुना समज.

बंद वस्तूवर विसंबले की काय होते, हे आपल्या मंडळांनी अनुभवले आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी १४ एप्रिलची पत्रिका एका दुकानात टाईप करून दुसऱ्या दुकानात नेली, की अक्षरांची रांगोळी होई. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा, त्याचे संकेत निराळे. आपणच लिहिलेला मजकूर आपल्यालाच उघडता येत नसे. युनिकोड या खुल्या प्रमाणाने ती अडचण दूर केली. आज लिनक्सवर देवनागरी अक्षरे आणि इनस्क्रिप्ट कळफलक विनामूल्य मिळतो.

जुन्या यंत्राचा हिशेब

हिशेब मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक विंडोजच्या दृष्टीने म्हातारे ठरले. लिनक्सच्या दृष्टीने ते ठरत नाहीत. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी असली तर बरे चालते. एखाद्या कार्यालयातून निघालेले यंत्र मिळाले, त्यात ४ किंवा ८ जीबी रॅम असली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर पहिल्या वर्षाचे शिक्षण त्यावर सुखाने होते. पैसे थोडे असतील तर ते नव्या खोक्यावर घालण्यापेक्षा एसएसडीवर घालावेत. कासवासारखे चालणारे यंत्र तेवढ्यानेच जागे होते. मात्र वापरलेले यंत्र घेताना बॅटरी, कळफलक आणि पडदा पाहून घ्यावा आणि बिल मागावे.

आणखी एक मुद्दा. शे-दोनशे रुपयांत विंडोज किंवा महागडे सॉफ्टवेअर 'मारून देणारे' आपल्या आजूबाजूला असतात. ती चोरीची प्रत असते आणि तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोका असतो. आपण रोज पंचशील घेतो. न दिलेली वस्तू न घेण्याचे दुसरे शील संगणकालाही लागू आहे. शिवाय देणारा हात पुढे करून देत असताना चोरी करायची गरजच काय?

कामाप्रमाणे हत्यार

सुताराची पटाशी गवंड्याच्या कामाची नाही. म्हणून आधी विचारावे, शिकायचे काय?

सी किंवा सी++ शिकायचे असेल तर लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर विनामूल्य मिळतो. आपण लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. लिहिण्यासाठी जीनीसारखा हलका एडिटर पुरतो. अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे टर्बो सी वापरले गेले, ते १९९० च्या आसपासच्या डॉसच्या काळातले हत्यार आहे. त्यातली 'कोनिओ' ही फाईल जीसीसीला ठाऊक नाही. परीक्षेपुरते टर्बो सी करावे लागले तर करा, पण घरी जीसीसीवर हात बसवा. नोकरीच्या ठिकाणी टर्बो सी भेटणार नाही.

पायथन ही भाषाही १९९१ सालचीच, आणि ती लिनक्ससोबत बहुधा आयतीच येते. नवशिक्याला सोपी आणि पुढे माहितीच्या विश्लेषणापर्यंत नेणारी. वेबसाईट करायच्या असतील तर एक एडिटर आणि एक ब्राउझर एवढ्यावर सुरुवात होते. पुढे पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी घ्यावे. डेटाबेस म्हणजे संगणकाची खतावणीच. आम्हा हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्यांना ती लगेच कळते. व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचाच विनामूल्य एडिटर लिनक्सवरही चालतो, फक्त त्याला रॅम जरा जास्त लागते.

'गिट' मात्र प्रत्येकाने शिकावे. टोरवाल्ड्सनेच २००५ साली ते घडवले. आज काय बदलले, कोणी बदलले, काल काय होते, याची ती रोजनिशी आहे. चूक झाली तर मागे जाता येते आणि चार जणांना मिळून एक काम करता येते.

अँड्रॉइडचे ॲप करायचे असेल तर अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते, आणि १६ असली तरच काम सुखाचे होते. आयफोनचे ॲप तयार करण्याचे एक्सकोड हे साधन फक्त ॲपलच्या मॅकवर चालते, म्हणून नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. मुलाला हिशेबनिसाची नोकरी करायची असेल आणि टॅली शिकायचे असेल, तर विंडोजच ठेवावे. त्यात कमीपणा काही नाही. विंडोज न काढता शेजारी लिनक्स बसवता येते, आणि विंडोज १० व ११ च्या आतही लिनक्स चालवण्याची सोय आहे.

अडचणी सांगितल्या नाहीत तर ती फसवणूक होईल. काही प्रिंटर आणि वायफायची उपकरणे लिनक्सवर त्रास देतात. काही परीक्षांची आणि कंपन्यांची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. आणि अडले तर दुरुस्तीच्या दुकानात लिनक्स जाणणारा माणूस सापडेलच असे नाही. म्हणून एकदम सगळे पुसून टाकू नका. ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि संगणक त्यावरून सुरू करून पाहा. हार्ड डिस्कला हात न लावता ते चालते. आवाज येतो का, वायफाय लागते का, मराठी टाईप होते का, ते तपासा. नंतर बसवायचे ठरले तर आधी जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा.

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखा आणि हिताचे ठरले तर स्वीकारा. आमचेही म्हणणे असेच पारखून घ्या.

शिकवणार कोण?

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. लिनक्स, सी, पायथन, पीएचपी, लिबरऑफिस अशा विषयांचे छोटे छोटे पाठ, साधारण दहा मिनिटांचे. त्यांतले अनेक पाठ मराठी आवाजात आहेत आणि विनामूल्य आहेत. पाठ पाहायचा, थांबवायचा, तसेच करून पाहायचे, अशी त्याची रीत आहे. इंग्रजीच्या भीतीवर हा चांगला उतारा आहे. केरळने तर २००१ साली सुरू केलेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून सरकारी शाळांतच मुक्त सॉफ्टवेअर आणले. तेथे मजुराचे पोर शाळेतच लिनक्स हाताळते.

आपल्याकडे शाळेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वस्तीत बुद्धविहार आहे. जयंतीची वर्गणी आपण जमवतोच. त्यातला थोडा भाग बाजूला काढला तर दोन वापरलेले संगणक उभे राहतात. एखादी बीसीए करणारी ताई, एखादा पदविकेचा दादा दर रविवारी वंदनेनंतर दोन तास बसला, तर दहा मुले हात चालवू लागतील. मुलींसाठी वेळ दिवसाउजेडी ठेवावी, म्हणजे घरचे अडवणार नाहीत. एकट्याने लिनक्स शिकणारा पहिल्या अडचणीला सोडून देतो. चार जण असतील तर कोणाला तरी उत्तर सापडतेच. संघटनेचा उपयोग येथेही आहे.

आई-बाबांना एवढीच विनंती. लॅपटॉप नाही म्हणून या वर्षी कोणाचा प्रवेश रद्द करू नका, मुलीचा तर नाहीच. दुकानात जाण्याआधी तिला विचारा, "तुला शिकायचे काय आहे?" उत्तर ऐका, वस्तीत कोणाकडे जुने यंत्र पडले आहे ते पाहा, पेनड्राईव्हवर लिनक्स चालवून बघा. वर्षभर तिचे काम पाहा. मोठ्या यंत्राची खरी गरज दिसली तर तेव्हा पैसे घाला. तोवर कर्जाचा कागद सही न करता ठेवा.

जयभीम!