लोगो आपल्या पोरांनाच काढू द्या



संस्थेच्या अमृतमहोत्सवाचा लोगो तरुणांची स्पर्धा घेऊन निवडायचा, असं मागच्या सभेत ठरलं. सूचना इथे टाकली आणि दुसऱ्याच दिवशी हैदराबादहून फोन आला. आपल्याच एका सभासदाची मुलगी. दिलसुखनगरला मामाकडे राहून डिझाइनचा कोर्स करते. तिकडे गल्लोगल्ली क्लासेस आणि होस्टेलं, डोक्यावरून मेट्रो. दर्या कुठेच नाही. तिने विचारलं, "काका, मी गावात राहत नाही. माझं चित्र चालेल का?"

आम्ही "चालेल" म्हणून मोकळे झालो. पण ऑफिसात तीन आवाज उठले. एक, बोटीवर न जाणाऱ्याला दर्याचं काय कळतं? दोन, पोरखेळ कशाला, प्रिंटिंगवाला दोन दिवसांत करून देईल. तीन, मोबाइलवरचं एआय फुकट काढून देतंय.

तिन्ही म्हणणी ऐकून घेतली. तरी आमचं मत बदललेलं नाही.

रोज हातात घेतो त्या नोटेवरचं ₹ हे चिन्ह बघा. केंद्र सरकारने त्यासाठी खुली स्पर्धा घेतली, तीन हजारांवर चित्रं आली. २०१० मध्ये निवड झाली ती डी. उदय कुमार यांच्या चिन्हाची. ते काही बँकवाले नव्हते, आयआयटी मुंबईत डिझाइन शिकत होते. आधारचा सूर्य आणि बोटाचा ठसा पुण्याच्या अतुल पांडे यांचा, तोही स्पर्धेतूनच. स्वच्छ भारतचं चिन्ह २०१४ मध्ये कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी दिलं. विषय सफाईचा, पण त्यांनी झाडू काढला नाही, गांधीजींचा चष्मा काढला. जवळच्याला झाडू दिसतो, लांबून बघणाऱ्याला कधी कधी चष्मा दिसतो.

आपणही सवयीने एक बोट आणि एक मासा काढून मोकळे होऊ. एआयसुद्धा तेच देईल, कारण त्याने आपलं बंदर पाहिलेलं नाही. पण पहाटे लिलावाला उभी राहणारी, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणारी बाई संस्थेच्या कुठल्या कागदावर दिसते? बोट नवऱ्याच्या नावावर, शेअर नवऱ्याच्या नावावर. डिझेल भरलं जातं ते मात्र तिने विकलेल्या मासळीच्या पैशांतून. तिच्या पोरीने हे चित्रात आणलं तर आम्हाला आनंदच आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं:

१. सभासद, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या भगिनी, या सगळ्यांच्या मुला-मुलींना स्पर्धा खुली. गावात राहणारी असोत की दिलसुखनगरला.

२. चित्र साधं हवं. शिक्क्यात एका रंगात उमटलं पाहिजे आणि पेंटरला बोटीच्या नाळेवर, नंबरच्या शेजारी हाताने रंगवता आलं पाहिजे. खाऱ्या पाण्याने अर्धा रंग गेला तरी ओळखू यायला हवं.

३. पोरांना फुकट राबवायचं नाही. बक्षिसाची रक्कम आधी जाहीर करायची. कायद्याने चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो, तो संस्थेकडे सही करून लेखी घ्यावा लागतो. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची सही. आणि चित्रकाराचं नाव अहवालात कायमचं छापायचं.

४. निवड करणाऱ्यांत किमान दोन मासळी विकणाऱ्या भगिनी हव्यात. पंचांच्या घरचं चित्र स्पर्धेत नको.

शेवटचं, आणि मनातलं. आपली पोरं शिकायला बाहेर जातात. त्यातली किती परत येतील ते आपल्या हातात नाही. संस्थेकडून त्यांना आजवर काय गेलं? वर्गणीची आठवण आणि सभेची नोटीस. "आपली संस्था तुला कशी दिसते?" असं आपण पहिल्यांदाच विचारतोय. त्यावर एका पोरीने लगेच फोन केला. तिला "तू बाहेरची" म्हणायचं असेल, तर पंचाहत्तरी साजरी कुणासाठी करायची?

सध्या बंदी आहे, बोटी शाकारलेल्या आहेत, सगळे घरी आहेत. घरात बोला, बाहेर असलेल्या पोरांना ही सूचना पाठवा. आमचं पटत नसेल तर खाली बिनधास्त लिहा, सभेत वाचून दाखवू. नारळी पौर्णिमेला नवा लोगो नाळेवर चढवूनच बोटी दर्यात सोडू.

आपला,
सचिव