गंमत कागदावर मावत नाही

"कलाकारांनी राजकारणात पडू नये" असं आपल्या नात्यातली शहाणी माणसं हल्ली फार सांगतात. आणि सांगतात कोण, तर ज्यांनी जन्मभर खडी गंमत पाहिली ते! अहो मंडळी, शाहीर भर गंमतीत पाटलापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची खेचतो तेव्हा तुम्हीच पोट धरून हसता ना? मग ते राजकारण नाही तर काय?

इंग्रजांना हे आधी कळलं. त्यांनी 1876 सालीच नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा केला. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, पण कीचक म्हणजे कर्झन हे प्रेक्षक बरोबर ओळखायचे. 1910 साली बंदी आली. म्हणजे बंदी शब्दांवर नव्हती, लोकांच्या डोक्यातल्या अर्थावर होती.

इंग्रज गेले 1947 ला. तो कायदा केंद्रानं रद्द केला कधी? 2018 साली! शिवाय महाराष्ट्रात पोलीस कायद्याखालचे वेगळे नियम होतेच... आधी संहिता परीक्षण मंडळाला दाखवा, मग प्रयोग करा. अमोल पालेकर 2016 साली उच्च न्यायालयात गेले ते याच्याच विरुद्ध.

आता मला सांगा, आमच्या बिरसीकडच्या शाहिरानं समोरचा माणूस बघून ऐनवेळी मारलेला टोला कोणत्या कागदावर तपासणार?

आणि आणीबाणीतलं कऱ्हाडचं साहित्य संमेलन आठवा. 1975 साल. व्यासपीठावर यशवंतराव चव्हाण. अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी आजारी जयप्रकाशांसाठी सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. घोषणा नाही, शिवी नाही. नुसतं उभं राहणं! त्यात लाल शाईनं काय खोडणार? सरकारनं पुढच्या वर्षी बाईंनाच तुरुंगात टाकलं.

"उद्या कोणी नाटकातून दंगल पेटवली तर?" असंही विचारतात. पेटवली तर खटला भरा की, त्यासाठी कायदे आहेत. पण घर जळेल म्हणून रोज चूल पेटवायला परवाना मागायचा का?

ज्या सरकारला सोंगाची भीती वाटते, त्याला सोंगातला माणूस आपणच आहोत हे पक्कं ठाऊक असतं. तेव्हा यंदा धान निघाल्यावर दंडार बसेल, तेव्हा हसताना जरा विचार करा... हे हसूही उद्या आधी मंजूर करून घ्यावं लागलं तर चालेल का तुम्हाला?