पार्किंगचं पाणी नाल्यात सोडण्याआधी

मा. आयुक्त,
हुबळी-धारवाड महानगरपालिका यांस,


गोकुळ रोडवर विमानतळ आहे, बसस्थानक आहे, वायव्य कर्नाटक परिवहन संस्थेचं मुख्य कार्यालय आहे, औद्योगिक वसाहत आहे. शिवाय शोरूम आणि गॅरेजं. म्हणजे दिवसभर गाड्या उभ्या, आणि त्यांच्याखाली डांबरावर, काँक्रीटवर ठिबकणारं ऑइल. वळवाची पहिली सर आली की कुठल्याही पार्किंगच्या उताराच्या टोकाशी उभं राहून बघावं. पाणी आधी काळं येतं, त्यावर सप्तरंगी तवंग असतो, जाळीपाशी गुटख्याच्या पुड्या अडकतात आणि बाकीचं सगळं थेट गटारात. अर्ध्या तासाने तेच पाणी बरंच निवळतं. घाण असते ती मुख्यतः या पहिल्या पाण्यात.

आणि हे पाणी थोडं नव्हे. एकरभर फरशीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर चाळीस हजार लिटर होतं; दहा हजारी टँकर चार! त्यात ऑइल असतं, टायर झिजून आलेलं जस्त असतं, ब्रेकमधलं तांबं असतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांत कोहो सामन मासे पावसानंतर का मरतात, याचा छडा संशोधकांनी 2020 साली लावला. टायर टिकावा म्हणून घातलेल्या एका रसायनापासून हवेतल्या ओझोनमुळे विष तयार होतं आणि ते रस्त्यावरच्या पाण्यातून ओढ्यात उतरतं. आपल्या नाल्यांत मरायला मासेच फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे असला पुरावा आपल्याला मिळायचाही नाही.

उपाय अवघड नाही. उताराच्या टोकाला तीन कप्प्यांची टाकी बांधायची. पहिल्यात गाळ बसतो. दुसऱ्यात ऑइल वर तरंगतं. तिथून तिसऱ्या कप्प्यात जाणारा पाइप खालच्या बाजूने पाणी उचलतो, म्हणून तवंग मागेच राहतो. पण विरघळलेले धातू टाकीत अडत नाहीत. त्यासाठी पुढे वाळूमिश्रित मातीचा खोलगट पट्टा हवा, त्यात वाळा लावावा. इथे एक सावधगिरी: आपली जमीन काळी, भिजली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. पुण्या-मुंबईचं बघून नुसते सच्छिद्र पेव्हर बसवले तर पहिल्याच पावसाळ्यात डबकी साचतील. पट्ट्याखाली खडी आणि छिद्रांचा पाइप घालावाच लागेल.

खरी मेख देखभालीत आहे. गाळ उपसला नाही तर टाकी असून नसल्यासारखी. उपसलेलं ऑइल आणि गाळ हा कायद्याने घातक कचरा आहे, तो कचरागाडीत टाकून चालणार नाही. बांधकामाचं बिल निघतं, उपसा करायला कुणी फिरकत नाही, हे आपण दोघंही जाणतो.

स्मार्ट सिटी योजनेत उणकल नाल्याच्या काठाने हिरवा मार्ग आखला, ते चांगलंच झालं. पण काठ सजवून आत येणारं पाणी तसंच ठेवायचं, हे मला पटत नाही.

म्हणून विनंती एवढीच. मोठ्या पार्किंगला, शोरूमला, गॅरेजला बांधकाम परवाना देताना अशी टाकी आणि पट्टा सक्तीचा करा. जुन्यांना मुदत द्या. व्यवसाय परवान्याचं नूतनीकरण उपशाच्या पावतीशिवाय करू नका. आणि सुरुवात पालिकेच्या स्वतःच्या वाहनतळापासून करा, येत्या वळवाच्या आत.

आपला,
गोकुळ रोडचा एक रहिवासी