सही एका मिनिटाची, परवाना पाच वर्षांचा

वयाची ४० वर्षे ओलांडली की वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. आरटीओच्या भाषेत ‘फॉर्म १-ए’. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढच्यांना परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो. खासगी वाहन चालवायला वयाची वरची मर्यादा मात्र नाही. म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गाडी चालवावी की नाही, याची सगळी भिस्त डॉक्टरांच्या सहीवर आहे. ती सही अनेकदा कशी ‘मॅनेज’ होते, हे कुणाला वेगळे सांगायला नको.

पण समजा, डॉक्टर प्रामाणिक आहेत आणि त्यांनी फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न नीट तपासला. तरी किती कळेल? १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला हा फॉर्म मुख्यतः डोळे, कान आणि हातपाय पाहतो. दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? लाल-हिरवा रंग ओळखतो का? रातांधळेपणा, बहिरेपणा, व्यंग आहे का? प्रश्न रास्त आहेत. मात्र म्हातारपण एवढ्यावर थांबत नाही.

काचबिंदूत बाजूची नजर हळूहळू जाते, समोरची नंबरप्लेट शेवटपर्यंत वाचता येते. गल्लीतून आडवे आलेले पोर दिसत नाही. जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होते आणि मोटारसायकलचा मागचा ब्रेक तर पायाखालीच असतो. झोपेच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहते. ओळखीचा रस्ता चुकणे ही विसरभोळेपणाची गंमत नसते, आजाराची सुरुवात असू शकते. यातले काहीही फॉर्म थेट विचारत नाही.

रमजानचेच उदाहरण घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या रोजेदाराची साखर दुपारनंतर उतरू शकते. नेमके असर ते मगरिबच्या दरम्यान सोलापुरात विजापूर वेशीकडे इफ्तारच्या खरेदीची झुंबड असते. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, सगळे स्कूटरवर असताना. मागे बसलेल्या बीबीचा किंवा नातवाचा यात काय दोष? रमजानपूर्वी गोळ्यांचे डोस बदलून घेताना ‘गाडी चालवता का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायलाच हवा. विचारला नाही, तर आपण सांगायला हवे.

खरी तपासणी फार महागडी नाही. बोट बाजूने आणून नजरेचा घेर पाहता येतो. मान दोन्हीकडे वळते का, खुर्चीतून उठून चार पावले चालता येते का, कागदावर घड्याळ काढून सांगितलेली वेळ दाखवता येते का, हे दहा मिनिटांचे काम. सोबत औषधांच्या चिठ्ठ्या. शंका आली तर पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. हे काम आपली नाडी ओळखणाऱ्या फॅमिली डॉक्टरने करावे, पैसे घेऊन शिक्का मारणाऱ्याने नव्हे. दाखला ही एक ग्वाही आहे, आणि न पाहता दिलेल्या ग्वाहीला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

जपानमध्ये ७५च्या पुढे परवाना नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणी असते. चित्रे दाखवून नंतर आठवायला सांगतात, आजची तारीख विचारतात. एप्रिल २०१९मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची लहान मुलगी गेली. त्या वर्षी देशभरात सुमारे सहा लाख लोकांनी परवाने आपणहून परत केले. परत करणाऱ्याला तिथे एक प्रमाणपत्र मिळते, त्यावर अनेक ठिकाणी बसभाड्यात सवलत असते.

आपल्याकडे परवाना सोडणाऱ्याच्या हाती काय पडते? एसटीने २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास दिला, पण एसटी नई जिंदगीतून सात रस्त्याला सोडत नाही. महापालिकेची परिवहन सेवा वर्षागणिक आक्रसत गेली. राहिली रिक्षा, तिचे भाडे रोज कोण देणार? म्हणून वडीलधारी माणसे किल्ली सोडत नाहीत. तो केवळ हट्ट नसतो. जुम्म्याची नमाज, दवाखाना, बँक, लेकीचे घर, सगळे त्या किल्लीला बांधलेले असते.

तेव्हा केवळ वय पाहून अब्बांची किल्ली काढून घेणे हा जुलूम आहे आणि न तपासता सही करणे हा धोका. फॉर्म बदलायला हवा, त्यात औषधे आणि स्मृतीचे प्रश्न यायला हवेत. मधला मार्गही डॉक्टर सुचवू शकतात: रात्री नको, हायवे नको, मागे कुणी बसवायचे नाही. आणि गाडी पूर्ण बंद करायचा सल्ला मिळाला, तर अब्बांना जुम्म्याला कोण नेणार, हे घरच्यांनी किल्ली मागण्याआधी ठरवावे.