डी-डायमरचा आकडा आणि गरिबाचा हक्क

नारायणगड परिसरातल्या ऊसतोड मजुराला ‘डी-डायमर’ हा शब्द कोरोनाने शिकवला. 2020 आणि 2021 साली दवाखान्यातून चिठ्ठी यायची, ही रक्ततपासणी करून आणा. उसनवारी करून पैसे भरले जात. पण तो आकडा काय सांगतो, हे त्याला समजावून सांगायचे कोणी?

रक्तात गुठळी झाली की शरीर ती विरघळवू लागते. त्यातून सुटणारा तुकडा म्हणजे डी-डायमर. मार्च 2020 मध्ये वुहानच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की, दाखल होताना ज्यांचा आकडा मिलिलिटरला 1 मायक्रोग्रॅमच्या वर होता, त्यांना मृत्यूचा धोका जास्त होता. मात्र वय, गरोदरपण, शस्त्रक्रिया, इतर जंतुसंसर्ग यांनीही तो चढतो. तेव्हा तो इशारा आहे, निकाल नव्हे. त्यात एक प्रयोगशाळा 500 नॅनोग्रॅम लिहिते, दुसरी 0.5 मायक्रोग्रॅम. दोन्ही एकच; पण 500 वाचून घरच्यांचे धाबे दणाणते.

पुढे ऑगस्ट 2021 मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निष्कर्ष आले. अत्यवस्थ नसलेल्या रुग्णांना हेपारिनच्या पूर्ण मात्रेचा फायदा झाला, मग डी-डायमर कमी असो वा जास्त. अत्यवस्थ झालेल्यांना तो झाला नाही. अर्थ सरळ आहे : आकड्यापेक्षा वेळेवर मिळालेली खाट आणि औषध महत्त्वाचे.

आता कायद्याचे बघू. राज्य सरकारने 21 मे 2020 रोजी खासगी रुग्णालयांचे दर बांधले. साध्या वॉर्डाला रोजचे 4,000 रुपये. पण यादीत नसलेल्या रक्ततपासण्या त्या दराबाहेर ठेवल्या. पुढच्या दाराला कुलूप लावले आणि मागचे दार उघडे सोडले! त्या दारातून लूट झाली तर जबाबदार कोण?

सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात बजावले आहे की, सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या कलम 21 चा भंग आहे. म्हणून पुढची साथ येण्याआधीच या तपासण्या बांधलेल्या दरात आणा, सरकारी दवाखान्यात त्या फुकट करा आणि अहवालाचा अर्थ रुग्णाला मराठीत सांगा.

आणि बांधवांनो, तुम्हीही गप्प बसू नका. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. ही भीक नव्हे, हक्क आहे.